नऊ नंबरला हाक

गारा पडायला लागल्या की आमच्या नॉयडॉर्फमध्ये पेट्रोल पंपाच्या छपराखाली जागा धरताना माणूस सख्ख्या भावालाही ओळख दाखवत नाही. मागच्या वसंतात कॉरा उन्रूने अशीच जागा पटकावली होती. आपला खटारा पिकअप तिने नेमका मधोमध लावला होता आणि वर निवांत कॉफी पीत बसली होती. तेवढ्यात एक निळी गाडी तिच्या मागे येऊन थांबली, निम्मी छपराखाली आणि निम्मी बाहेर. बाहेरच्या निम्म्यावर गारा ताडताड वाजत होत्या.

गाडीतून कुरळ्या केसांचा एक उंच तरुण उतरला. डोक्यावर वह्यांचा गठ्ठा धरून तो पळत आला आणि त्याने तिच्या काचेवर टकटक केली.

"जरा पुढे घेता का? माझी मागची काच चाललीय."

"पुढे घेतलं तर माझी पुढची जाईल."

"तुमच्या गाडीचं अजून काही जायचं राहिलंय?"

कॉराने त्याला नखशिखांत न्याहाळलं. नखशिखांत भिजला होता, तरी हसत होता. असल्या माणसांचा तिला राग यायचा... म्हणजे, यायला हवा होता.

"सकाळी सांगितलं होतं गारा पडणार म्हणून," ती म्हणाली. "पण ऐकायचं कुणाला असतं?"

"लिंबाएवढ्या पडणार म्हणून सांगितलं होतं. ही बघा." त्याने हातातली गार तिच्या नाकासमोर धरली. चांगली बेसबॉलच्या चेंडूएवढी होती. "ज्याने कुणी तो अंदाज लिहिला ना, त्याला मी बी-प्लस देतो. वेळ बरोबर, ठिकाण बरोबर, आकारात मार्क गेले."

"तो अंदाज मी लिहिलाय."

त्याने ती गार हलकेच तिच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग ए-मायनस."

कॉराने गाडी चार हात पुढे घेतली. तिची पुढची काच तिथेच तडकली, आणि पुढे कितीतरी दिवस तिने ती बदलली नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तर हा थॅड श्राग. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच आलेला. आणि कॉरा म्हणजे आमच्या काउंटीची हवामानवाली. कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात तिची खोली. रोज सकाळी शाळांसाठी, रुग्णवाहिकांसाठी, गहू कापणाऱ्यांसाठी ती अंदाज लिहिते. वादळाच्या दिवशी मात्र ती रेडिओवर बसते. गावातली हौशी माणसं गाड्या घेऊन रानोमाळ उभी राहतात आणि डोळ्यांना दिसेल ते तिला कळवतात, कारण रडारला ढगाचं पोट दिसतं, पण टॉर्नेडोचा पाय जमिनीला टेकलाय की नाही ते माणसालाच बघावं लागतं. प्रत्येकाला एक नंबर. शिस्त कडक. कॉरा ज्याचा नंबर पुकारेल, तोच बोलणार. टॉर्नेडो प्रत्यक्ष जमिनीला टेकलेला दिसला तरच मध्ये तोंड उघडायचं, एरवी हाक येईपर्यंत गप्प.

गारांच्या त्या दुपारनंतर आठवड्याच्या आत थॅडने नाव नोंदवलं. त्याला नऊ नंबर मिळाला. प्रत्येक वादळानंतर तो चिखलाच्या बुटांनी तळघरात यायचा. भिंतीवरच्या नकाशात कॉराने सकाळी आखलेली रेघ असायची, त्यावर तो वादळ जिथे जिथे आलं तिथे तिथे लाल ठिपके काढायचा आणि कोपऱ्यात मार्क लिहायचा. ती भांडायची. तो अर्धा मार्क वाढवायचा, वाढवताना पेन मुद्दाम तिच्याकडून मागून घ्यायचा. असं वर्षभर चाललं. बाकी गाडी काही पुढे सरकत नव्हती. तो बोलायचा नाही, आणि ही तरी कशी बोलणार?

मग एप्रिलमध्ये ब्रिन ओस्टरगार्ड आली.

ब्रिन नेब्रास्काची. विद्यापीठातली. वादळ चालू असतानाच अंदाज कितपत खरा ठरतोय ते मोजण्याचं तिचं काम होतं, आणि त्यासाठी तिला रस्ते माहीत असलेला स्थानिक माणूस हवा होता. थॅड तयार झाला. लगेच. कॉराला तो 'लगेच' फार टोचला. शिवाय ब्रिन उंच होती, तिला विनोद कळायचे आणि ती हसली की शेजारच्या टेबलावरचेही हसायचे. वाईट म्हणावं असं तिच्यात काही सापडत नव्हतं. कॉराने खूप शोधलं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी सकाळपासून हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. देशभरच्या अंदाजात आमच्या भागावर सगळ्यात गडद रंग फासलेला होता. एक-दोन नव्हे, टॉर्नेडोंची रांग लागणार, असा तो दिवस. हिल्डाच्या हॉटेलात कॉरा कोबी-खिमा भरलेला बिरॉक खात नकाशा उघडून बसली होती. समोर थॅड, त्याच्या शेजारी ब्रिन.

"उत्तर," कॉराने बोट ठेवलं. "दोन्ही वारे इथे भिडणार. दक्षिणेला काही होत नाही. तिथे वर ढगांना उठू न देणारं गरम हवेचं झाकण आहे, ते काही उडत नाही."

ब्रिन नकाशावर वाकली. तिची वेणी थॅडच्या बाहीला लागली. कॉराने पाहिलं. त्याने बाही काढून घेतली नाही, हेही पाहिलं.

"उत्तरेचं पटतं मला," ब्रिन म्हणाली. "पण ते झाकण टिकेल असं नाही वाटत. संध्याकाळपर्यंत दक्षिणेलाही उडेल. पेटकाउच्या तळ्याच्या बाजूला, साधारण."

"तुम्हाला इथली हवा नवीन आहे," कॉरा गोड आवाजात म्हणाली.

"हवा सगळीकडे सारखीच फसवते," ब्रिन हसली. शेजारच्या टेबलावरचा म्हाताराही हसला.

कॉराने खिडकीबाहेर पाहिलं. थॅडची निळी गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. तिच्या टपावर ब्रिनचं वारा मोजायचं यंत्र पक्कं बसवलेलं होतं. आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे कोण कुणाबरोबर पिझ्झा खातं याला फारसा अर्थ नसतो. वादळाच्या दिवशी कोण कुणाच्या अंदाजावर गाडी काढतं, याला असतो. वर्षभर थॅडने दुसऱ्या कुणाच्या अंदाजावर गाडी काढली नव्हती.

"बरं," कॉरा उठली. "जा मग दक्षिणेला. तळं छान आहे."

"कॉरा, अगं ऐक तरी—" थॅड तोंडातला घास गिळेपर्यंत ती दाराबाहेर होती. बिरॉक निम्मा तसाच राहिला.

दुपारी ती तळघरात बसली. स्वतःचा फोन नियमाप्रमाणे खणात. शेजारी व्हर्ना. व्हर्ना तिथे फोन घ्यायला बसते त्याला तीस वर्षं झाली असतील, आणि तिला मधे न बोलता येणं हा प्रकार माहीत नाही.

चारच्या सुमाराला उत्तरेला ढग उभे राहिले. अगदी तिने आखलेल्या रेघेवर. दोन नंबरने कळवलं, पाचाने कळवलं, साताने कळवलं. कॉराने उत्तरेकडचे भोंगे वाजवले.

"फोन आलाय उत्तरेकडून," व्हर्नाने रिसीव्हर मानेत धरला. "टेकलाय म्हणे. पण नुसत्या गव्हात, घराबिरावर नाही. आणि अंदाज लिहिणारीला शाब्बास म्हणून सांगायला सांगितलंय."

"बघितलंस?" कॉरा म्हणाली. कोणाचा फोन, ते तिने विचारलं नाही. तिचं लक्ष नकाशाच्या तळाशी होतं. प्रत्येक गाडीचा तिथे एक ठिपका दिसतो, शेजारी नंबर. नऊ नंबरचा ठिपका पेटकाउच्या तळ्याकाठी येऊन थांबला होता. थांबला तो थांबलाच.

पेटकाउचं तळं म्हणजे काय, हे आमच्या गावात सांगावं लागत नाही. गावातली निम्मी लग्नं तिथल्या झाडांखाली ठरलेली.

"माझं आणि हार्वेचं तिथेच जमलं," व्हर्ना नकाशाकडे बघत म्हणाली. "तेव्हाही असंच आभाळ होतं."

"व्हर्ना, फोन बघ."

"वाजला तर बघेन ना. तू नवाला हाक नाही मारलीस."

"त्याला काही दिसलं तर बोलेल."

कॉराने पुन्हा फेरी घेतली. दोन, तीन, पाच, सात... आठ झाल्यावर तिने दहा पुकारला. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला, आणि तरीही पुकारला. तो ठिपका एवढा वेळ काय करतोय? ढग बघायला काय एवढा वेळ लागतो? त्या दोघांनी काचा खाली घेतल्या असतील. ती हसत असेल. आणि तो तिला मार्क देत असेल... लाल पेनने.

"दक्षिणेला काहीतरी उगवलंय गं," व्हर्ना म्हणाली. रडारवर एक छोटा हिरवा डाग आला होता.

"मरेल ते. झाकण आहे वर."

डाग पिवळा झाला.

"मरत नाहीये."

"मरेल म्हटलं ना."

डाग लाल झाला. कॉराने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की शहाणा असता तर विरून गेला असता. तो जगला तर ब्रिनचं खरं ठरणार होतं. ब्रिन दक्षिणेला बरोबर ठरणार, तीही थॅडच्या शेजारी बसून, हे तिला नको होतं. एवढंच कारण होतं. हवामानशास्त्राचा त्यात काही संबंध नव्हता.

मग तो लाल डाग मधोमध दुभंगला. डावा तुकडा विरून गेला आणि उजवा सावकाश उजवीकडे वळला. असं उजवीकडे वळलेलं वादळ टॉर्नेडो घेऊन येतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्याच्या वाटेत आधी तळं होतं आणि तळ्याच्या पलीकडे एल्सबेट, चाळीसेक घरांची वस्ती.

कॉराने माइक ओढला.

"नऊ नंबर. कॉरा बोलतेय. काय दिसतंय?"

"ढगाचा तळ खाली आलाय." आवाज ब्रिनचा होता, शांत, पण आवळलेला. "बराच वेळ झाला. गोल फिरतोय. अजून टेकला नाही म्हणून मध्ये बोलले नाही. मी तुमच्या हाकेची वाट बघत होते."

कॉराने एल्सबेटच्या भोंग्याचं बटण दाबलं. मग दक्षिणेचे बाकीचे सगळे.

"थॅडला म्हणावं गाडी वळव. आत्ताच्या आत्ता."

"थॅड इथे नाही."

"म्हणजे?"

"माझी व्हॅन काल बंद पडली, म्हणून त्याने मला गाडी दिली. तो वडिलांचा गव्हाचा ट्रक घेऊन उत्तरेला गेलाय... तुमच्या अंदाजावर."

कॉराने मान वळवून व्हर्नाकडे पाहिलं.

"मला काय बघतेस?" व्हर्ना म्हणाली. "दुपारपासून तोच तर फोन करतोय. मला वाटलं तुला माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

अख्खं गाव ऐकतही होतं. वादळाच्या दिवशी आमच्याकडे घरटी एक रेडिओ याच वाहिनीवर लावलेला असतो. पण लाजायला वेळ नव्हता. तळ्याकाठी एक बाई एकटी होती, तिला रस्ते माहीत नव्हते, आणि ती तिथे ताटकळत बसली होती ती कॉराने हाक मारली नाही म्हणून.

"मी आले त्याच रस्त्याने, पश्चिमेला निघते," ब्रिन म्हणाली.

"नको. तो मातीचा आहे, पावसात साबण होतो. आणि तिकडूनच येतंय ते. तुझ्या मागे गुरांचं फाटक दिसतंय?" कॉरा कधी 'तू'वर आली, तिचं तिला कळलं नाही.

"दिसतंय. कुलूप आहे."

"मग तोडून जा. गाडीनेच."

"थॅडची गाडी आहे ही."

"कुणाची आहे ते मला चांगलं माहीत आहे. तोड."

रेडिओत काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

"आत आले."

"कुंपण डाव्या हाताला ठेव. गाई दिसल्या तर हॉर्न दे, त्या बाजूला होतील. पुढे बंधारा लागेल, त्याच्यावर खडीचा रस्ता आहे. तिथून दक्षिण. पूर्वेला वळायचं नाही, कुणी काही सांगितलं तरी नाही. बोलत राहा."

"गवत फार... गारा पडतायत आता, मोठ्या..." आणि आवाज तुटला.

नकाशावर नऊचा ठिपका गोठला. दुपारभर त्या न हलणाऱ्या ठिपक्यावर ती जळत होती. आता तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि मनात म्हणत राहिली, हल. हल बाई. हल ना. व्हर्नाही गप्प होती.

"नऊ." खरखर. "नऊ बोलतेय. खडीवर आहे. पुढची काच गेली, पण मी आहे. टेकलाय. टॉर्नेडो जमिनीवर, तळ्यावर. एल्सबेटकडे चाललाय."

तळ्याकाठची ती झाडं गेली. एल्सबेटमधल्या दोन घरांची छपरं गेली, चर्चचा मनोरा आडवा झाला, एक कोठार तर सापडलंच नाही. माणसं तळघरात पोचली होती, सगळी. भोंगा वेळेवर झाला होता, पण जेमतेम. त्यातल्याच एका घरात तळ्याचा मालक, म्हातारा पेटकाउ, घाईघाईने जिना उतरताना पडला आणि त्याचा हात मोडला.

आभाळ निवळल्यावर रेडिओ बंद करायची वेळ आली. कॉराने माइक जवळ घेतला.

"बंद करण्याआधी एक सांगायचंय. नऊ नंबर दुपारभर बघत होता आणि मी त्याला हाक मारली नाही. रडारची चूक नाही, नऊची नाही. दक्षिणेला माझा अंदाज चुकला होता आणि मला तो चुकलेला बघायचा नव्हता. एल्सबेटला जी घाई झाली ती माझ्यामुळे. एवढंच."

शेतकरी असलेला दोन नंबर, हाक नसताना, बोलला.

"दोन नंबर. ऐकलं. आता काहीतरी खाऊन घे, पोरी."

ती वर आली तेव्हा कोर्टाच्या पायरीवर थॅड बसला होता. मागे त्याच्या वडिलांचा जुना लाल ट्रक. पश्चिमेला ऊन उतरत होतं आणि ढगांची पोटं सोनेरी झाली होती. ती त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसली.

"ट्रकमध्ये ऐकायचा रेडिओ आहे," तो म्हणाला. "बोलता येत नाही त्यावरून. ऐकत होतो सगळं. आठनंतर दहा पुकारत होतीस."

"मग फोनवर मला मागायचं ना."

"मागितलं. व्हर्ना म्हणाली कामात आहे. आधी वाटलं विसरलीस... मग कळलं, तुला वाटतंय मी तिथे आहे. आणि खरं सांगू? थोडं बरं वाटलं मला. मग दक्षिणेचं काळं आभाळ दिसलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तेव्हा फोन लागेना."

कॉरा पायरीवरची ओली माती नखाने उकरत राहिली.

"मला ती चुकायला हवी होती," ती म्हणाली. "तिथे माणसं राहतात, थॅड. आणि मी त्या ढगाला मर म्हणत बसले. का, तर तिची वेणी तुझ्या बाहीला लागली."

"लागली?"

"तुला कळलंही नाही?"

"मी तुझं बोट बघत होतो. नकाशावरचं." त्याने बुटावरचा चिखल झटकला. "कॉरा, मला वादळांची भीती वाटते."

तिने मान वर केली.

"लहानपणापासून. लांब वीज चमकली तरी पोटात गोळा येतो. वर्षभर प्रत्येक वेळी तो गोळा घेऊनच गाडी काढलीय मी."

"मग कशाला काढायचास? आज तर कारणही होतं. गाडी नाही, घरी बसायचं."

"आणि तुझ्या अंदाजावर दुसऱ्या कुणी जायचं? त्या पाच नंबरने? तो तुझा आवाज ऐकायचा म्हणून मुद्दाम सावकाश बोलतो, लक्षात आलंय तुझ्या?" त्याचे कान लाल झाले होते. "मला हवामानाशी काही घेणंदेणं नाही गं. तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून... फार."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आल्यामुळे ती चांगली दिसत नव्हती. थॅड मात्र बघतच राहिला.

"माझंही तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "पण ते फार जळकं आहे, बघून घे. आज त्यापायी एका म्हाताऱ्याचा हात मोडला."

"बघितलं. म्हणून आधी पेटकाउकडे जाऊ. तू त्याला सांग. मी शेजारी उभा राहतो. मग त्याचं छप्पर झाकायला लागू." त्याने हात पुढे केला. "तो शिव्या देईल."

"द्यायलाच हव्यात." तिने हात धरला. चिखलाने खरखरीत झालेला, गरम हात होता तो.

तेवढ्यात निळी गाडी खडखडत आली. पुढची काच नाही, दिवे नाहीत, टपावर यंत्राचा नुसता खांब. ब्रिन उतरली. तिच्या केसांत गवत होतं. कॉरा उठली, सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी मुद्दाम नाही मारली हाक," कॉरा म्हणाली. "चुकून नाही. मुद्दाम."

"कळलं होतं मला." ब्रिन हसली नाही. "सहाव्या फेरीला कळलं. मी मध्ये बोलायला हवं होतं. नियम पाळत बसले, तुला माझी एकही चूक मिळू नये म्हणून. मलाही हट्ट होता." मग तिने थॅडकडे पाहिलं. "फाटकाचं दार तुझ्या बंपरमध्ये अडकलंय. आणि एक सांगू? त्या गारांची गोष्ट याने मला रस्ते दाखवताना तीनदा सांगितलीय. चौथ्यांदा ऐकायची माझी तयारी नाही. एल्सबेटला जाताय ना? मीही येते."

दोन्ही गाड्यांत चालण्यासारखा ट्रकच होता. त्याला पुढे एकच लांब सीट. थॅड चाकामागे बसला. ब्रिनने दार उघडलं आणि आत चढायला पाय उचलला.

"थांब," कॉरा म्हणाली. "मध्ये मी बसते."

ब्रिनने पाय खाली ठेवला आणि अदबीने बाजूला झाली. कॉरा चढून मध्ये सरकली. जुन्या ट्रकचा गिअरचा दांडा नेमका तिच्या गुडघ्यांच्या मधोमध होता. थॅडने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गिअर टाकताना हात लागेल हं," तो हळूच म्हणाला.

"लागू दे."